लाल आकडा

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र तुझ्या हातात देऊन मी एक शब्दही न बोलता बाहेर जाणार आहे. मागून हाका मारू नकोस, चहाचंही विचारू नकोस. आधी दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. मधलं गाळून थेट शेवटच्या पानावर उडी मारायची तुझी लहानपणची खोड आजच्या दिवस आवर. मी घाबरलो आहे. आता तू म्हणशील, बाबा, यात नवीन काय? खरंच आहे. कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय मी जिना उतरत नाही. तुझी आई म्हणते, तुमच्याबरोबर फिरायला निघायचं तर निम्मी संध्याकाळ दाराशीच जाते. तुला सायकल शिकवताना तू चांगली सरळ चालवायला लागलीस तरी मी मागचं कॅरिअर सोडेना, तेव्हा तूच किंचाळली होतीस की बाबा, आता तुमच्यामुळेच पडेन मी. ती सगळी भीती माझ्या सवयीची आहे, तिच्याबरोबर मी जेवतो, झोपतो, पेपर वाचतो. ही तशी नाही. गेल्या बारा दिवसांत विजार कमरेत ढिली झाली आहे. आणखी एक सांगून ठेवतो. तुला पाठ असलेल्या गोष्टीही या पत्रात मी फोड करून लिहिल्या आहेत. चिडू नकोस, मला भ्रम झालेला नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तू केवढ्या उत्साहात होतीस! वरच्या धरणातून उद्या पाणी सोडणार, पुलापाशी नदी समुद्रसपाटीपासून ५२.१० मीटरपर्यंत चढेल, म्हणजे आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराच्याही वर, आणि म्हणून खालच्या गल्ल्यांतली एकशे ऐंशी माणसं आज संध्याकाळी सहापासून तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये राहायला येणार. सतरंज्या मोजून झाल्या होत्या. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी तू भिंतीकडची बाजू राखून ठेवली होतीस. मग तू म्हणालीस, आपल्याला काय काळजी, आपण ५२.५७५ वर, पाणी आलं तरी अर्धा मीटर खालून जाईल, तुमच्या आकड्याच्या भरवशावर अर्धी वस्ती निवांत झोपणार बघा बाबा. मी काय म्हणालो आठवतं? मी नातीचं विचारलं, छोटीचा खोकला कसा आहे. आणि फोन ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. पोरी, तो आकडा चुकीचा आहे. तुझ्या हॉलची जमीन ५२.५७५ वर नाही, ५१.५७५ वर आहे. पूर्ण एक मीटर खाली. उद्या नदी सांगितली तेवढी चढली तर तुझ्या हॉलमध्ये साडेबावन्न सेंटीमीटर पाणी उभं राहील. सतरंजीवर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं. तुझी नि छोटीची खाटसुद्धा त्याच भिंतीच्या मागच्या खोलीत आहे.

लिहिलं एकदाचं. आता हे कसं झालं ते सांगतो.

तू दहा वर्षांची होतीस. सुट्टीत तुला काहीतरी उद्योग हवा म्हणून मी तुला माझी कच्ची वही दिली आणि जिन्यात बसून लेव्हलचा हिशेब शिकवला. उंबऱ्याची उंची शंभर धरली, तुझ्या हातात आईची शिवणाची टेप दिली. ज्याची उंची माहीत आहे त्या दगडावर पट्टी धरायची, दुर्बिणीच्या यंत्रातून तिच्यावरचा आकडा वाचायचा, तो दगडाच्या उंचीत मिळवला की यंत्राची उंची मिळते. मग दुसऱ्या जागी तीच पट्टी धरायची, आकडा वाचायचा आणि यंत्राच्या उंचीतून वजा करायचा, की त्या जागेची उंची मिळाली. मागचं मिळव, पुढचं वजा कर. एवढं तू चार पायऱ्यांत शिकलीस आणि पाचव्या पायरीवर मला म्हणालीस, एवढंच काम करता का तुम्ही ऑफिसात? त्यानंतर पुढची दोन वर्षं माझ्या वहीतल्या वजाबाक्या तूच करायचीस. जेवणाच्या टेबलावर जीभ बाहेर काढून, पेन्सिल मुठीत धरून. तू रबर मागायचीस आणि मी द्यायचो नाही. चुकलं तर एका रेषेने खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी स्वतःची सही ठोकायची. आमच्या धंद्यात वहीत रबर म्हणजे पाप. तुला त्या सहीचाच जास्त शौक होता, म्हणून कधीकधी मुद्दाम चुकायचीस, लबाडे.

तुझ्या शाळेचं पान त्याच वर्षीचं. तेव्हा तिथे शाळा नव्हती, नुसती दगडी इमारत होती, आणि नदीकाठच्या सगळ्या इमारतींच्या उंच्या घ्यायचं काम आमच्याकडे होतं. पुलाच्या कठड्याशी बेंचमार्कचा, म्हणजे उंची आधीच ठरवून दिलेला दगड आहे, त्याची उंची ५२.१४०. मी यंत्र इमारतीच्या अंगणात लावलं आणि मागे पुलाच्या दगडावर पट्टी वाचली, १.२६५. मग इमारतीच्या दारात, जमिनीवर पट्टी ठेवली. ती यंत्रापासून जेमतेम पाच पावलांवर होती. आता इथे एक गोष्ट आहे जी मी तुला जिन्यात शिकवली नव्हती, कारण टेपवर ती येत नाही. पट्टी फार जवळ असली की दुर्बिणीतून तिचा वीतभरच तुकडा दिसतो. बारीक काळे आकडे दिसतात, पण मीटर सांगणारा लाल आकडा त्या तुकड्यात नसतो. म्हणजे ०.८३ आहे की १.८३ ते कळत नाही. अशा वेळी पट्टी धरणाऱ्याला सांगायचं, उचल. तो पट्टी सावकाश सरळ वर नेतो, लाल आकडा खालून वर येतो, तो वाचायचा आणि पट्टी परत खाली टेकवायला सांगायची. अर्ध्या मिनिटाचं काम. मी तर दोनदा उचलायला लावायचो.

पट्टी धरायला आमचा खांब होता. तुला तो आठवेल, वाऱ्यातही हलायचा नाही म्हणून सगळे त्याला खांबच म्हणायचे, तू त्याला खांबकाका म्हणायचीस. त्या दिवशी आमचे साहेब पाहणीला आले होते आणि नेमके माझ्या पाठीशी उभे होते. सकाळपासून त्यांनी मला धारेवर धरलं होतं. चार माणसांसमोर म्हणाले, हा गृहस्थ स्वतःच्या सावलीलासुद्धा दोनदा विचारून पाऊल टाकतो, याच्याने काठ संपायचा तर नदीच आटेल. सगळे हसले. खांब नाही हसला. मी दुर्बिणीला डोळा लावला, ८३ दिसलं, लाल काही दिसलं नाही. खांबाने नेहमीप्रमाणे विचारलं, उचलू का? आणि मी, जो कुलूप तीनदा ओढतो तो मी, मोठ्या रुबाबात म्हणालो, नको रे, दिसलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, असं काम करायचं असतं. मी ०.८३० लिहिलं. मला काही दिसलं नव्हतं. जमीन उंच वाटली म्हणून शून्य धरलं. त्या संध्याकाळी मी घरी छाती काढून आलो होतो, तुझ्या आईला अजून आठवतं. त्या दिवशी मी घाबरलो असतो तर बरं झालं असतं.

तू त्या पानाचा हिशेब केलास. ५२.१४० अधिक १.२६५, यंत्र ५३.४०५. त्यातून ०.८३० गेले, ५२.५७५. तुझं गोलमटोल अक्षर आहे, पाचाच्या डोक्यावर टोपी जरा मोठी. पानाखाली तपासणी करायला मी तुला शिकवलं होतं. मागच्या वाचनांची बेरीज, पुढच्या वाचनांची बेरीज, दोहोंतला फरक पहिल्या आणि शेवटच्या उंचीतल्या फरकाशी जुळला पाहिजे. जुळला. शिवाय आमच्या मोजणीची ओळ गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बेंचमार्कवर जाऊन संपली होती, तिथेही तीन मिलिमीटरचाच फरक आला. तू टाळ्या वाजवल्यास. आणि मग तू एक प्रश्न विचारलास. तू विसरली असशील, मी कधीच विसरलो नाही असं म्हणवत नाही, पण बारा दिवसांपूर्वी तो असा काही आठवला की मी रस्त्यातच उभा राहिलो. तू विचारलंस, बाबा, पण हे मधलं वाचन तर कुठल्याच बेरजेत आलं नाही, ते चुकलं असेल तर कसं कळणार? मधलं वाचन म्हणजे यंत्र न हलवता जाता जाता घेतलेलं, इमारतीच्या दारातल्यासारखं. ते मागच्यात येत नाही, पुढच्यात येत नाही, ते कितीही चुकलं तरी पानाखालचा हिशेब हसत हसत जुळतो. दहा वर्षांच्या पोरीने नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. मी म्हणालो, ते चुकत नसतं, झोपा आता मास्तरीणबाई. आणि पानावर सही केली.

पुढचं तुला माहीत आहे. त्या इमारतीत शाळा आली, तू तिथे बदली मागून घेतलीस, हॉलच्या भिंतीवर निळ्या रंगात ५२.५७५ लिहून घेतलंस. दरवर्षी नव्या मुलांना सांगतेस की हा आकडा माझ्या बाबांनी मोजला आणि मी वजाबाकी केली, तेव्हा गणिताला घाबरायचं नाही. मी ते एकदा खिडकीतून ऐकलं होतं. ऐकून परत पुलापर्यंत चालत गेलो, डोळे पुसायला.

मग गेल्या महिन्यात तू फोनवर सहज म्हणालीस की छोटीने भलताच खेळ काढलाय, पुलापाशी जाऊन चेंडू सोडते आणि तो आपला आपण घरंगळत शाळेच्या दारापर्यंत येतो. तू हसत होतीस. मीही हसलो. फोन ठेवल्यावर हसू गेलं. वहीप्रमाणे शाळेची जमीन पुलाच्या दगडापेक्षा साडेत्रेचाळीस सेंटीमीटर उंच आहे. दाराला एकच पायरी आहे, म्हणजे अंगणही दगडापेक्षा उंचच. मग चेंडू शाळेकडून पुलाकडे जायला हवा. तो उलटा कसा येतो? मी ट्रंकेतून ती कच्ची वही काढली. ऑफिसची पक्की वही ऑफिसात गेली, ही मी तुझ्या अक्षरासाठी ठेवली होती. पाच वेळा हिशेब केला. तुझा एकही आकडा चुकलेला नाही.

म्हणून मी आलो होतो, बारा दिवसांपूर्वी. आठवण आली म्हणून वगैरे सगळं थाप. पिशवीत गवंड्याकडून आणलेली पाण्याची नळी होती. तू वर्गावर गेलीस आणि मी छोटीला म्हटलं, चल, पाण्याचा खेळ खेळू. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं एवढंच त्यातलं शास्त्र. पुलाच्या दगडापासून टप्प्याटप्प्याने आम्ही दारापर्यंत आलो. तुम्ही दोघं अंगणात रांगताय काय, म्हणून तू खिडकीतून हसलीस, आणि मी हात हलवला. जमीन दगडापेक्षा साडेछप्पन्न सेंटीमीटर खाली निघाली. वहीत साडेत्रेचाळीस वर, खरी साडेछप्पन्न खाली. बेरीज कर. बरोबर शंभर. एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे असता तर मी म्हटलं असतं जमीन खचली, दगड हलला, नळीत हवा राहिली. पण बरोबर एक मीटर म्हणजे लाल आकडा. मी नळी गुंडाळायला लागलो. छोटी विचारत होती, आजोबा, कोण जिंकलं?

आणि मी तुला काही न सांगता घरी आलो. हे मात्र चूक म्हणून खपवता येत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं, या बारा दिवसांत माहीत होतं. रोज ठरवायचो, आज सांगू. फोन लावायचो, खोकला विचारायचो, ठेवायचो. कसली भीती वाटत होती ते नीट सांगतो, कारण तू विचारशीलच. ऑफिसची नाही. लोकांचीही फारशी नाही. तू त्या भिंतीकडे बघशील आणि मग माझ्याकडे बघशील, त्या बघण्याची. म्हातारपणी माणसाकडे दाखवण्यासारखं फार थोडं उरतं. माझ्याकडे तो एक आकडा होता, आणि तू तो एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला होतास. मला वाटायचं, पावसाळा असाच जाईल, पाणी एवढं येणार नाही, पुढच्या वर्षी सावकाश सांगू. काल तुझा फोन आला आणि माझी पाचावर धारण बसली. काहीतरी बिनसलंय हे तुझ्या आईने माझ्या तोंडावरून ओळखलं. दुपारपर्यंत सगळं वदवून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही सांगता का मी सांगू? मी म्हटलं, मला माझ्या हाताने सांगू दे. ती म्हणाली, उद्या एकची बस धरा. चारला तुम्ही तिच्या दारात नसलात तर मी फोन करणार, आणि तेव्हा मी काय काय बोलेन ते माझं मलाच माहीत नाही. तेव्हा चारच्या सुमारास फोन वाजला तर उचल आणि सांग की पोचले.

आज सकाळी सात वाजता मी खांबाकडे गेलो. थकलाय आता, गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतो. मी नुसतं म्हटलं, नदीकाठची ती इमारत आठवते का? तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, मी विचारलं होतं तुम्हाला, उचलू का. सव्वीस वर्षं त्याने ते मनात ठेवलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच साहेबांसमोर का नाही बोललास? तर म्हणाला, एवढा धीर कुठून आणू, मी काय तुमच्यापेक्षा शूर होतो? मग त्याने पायात चपला घातल्या.

आता हे पत्र का, ते. तोंडाने सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, पण तुझ्या साहेबांना काय दाखवलं असतंस? त्यांच्या फायलीत ५२.५७५ आहे आणि त्याखाली माझी सही आहे. म्हाताऱ्या बापाला चेंडू बघून शंका आली, एवढ्यावर कोणी एकशे ऐंशी माणसं हलवणार नाही. सहीला उत्तर सहीनेच द्यावं लागतं. म्हणून हे पत्र तुझं असलं तरी वाचायचं सगळ्यांनी आहे, आणि म्हणूनच मी सगळी फोड केली आहे. कुलूप, साबण, डोळे पुसणं, सगळं वाचू देत, लाज वाटून काही लपवू नकोस. लोकांना धान्याच्या गोदामाच्या ओट्यावर ने. तो ५३.९८० वर आहे, आणि ते वाचन मागच्या-पुढच्या बेरजेतलं आहे, त्याची तपासणी तूच केली होतीस, ती खरी आहे. मग ब्रश घे आणि भिंतीवरचा आकडा एका रेषेने खोड. पुसू नकोस, खालचं वाचता आलं पाहिजे. वर ५१.५७५ लिही आणि शेजारी सहीसाठी जागा ठेव, ती मी करीन. मुलांना सांग की वजाबाकी बरोबर होती, वाचन चुकलं होतं, आणि ज्या मुलीने वजाबाकी केली तिने तेव्हाच विचारलं होतं. मी पुलाच्या दगडापाशी उभा आहे. घाबरलोय, पण उभा आहे. मागून आणलेलं यंत्र आहे, खांब पट्टी घेऊन आला आहे. तुझ्या साहेबांना घेऊन ये. उजेड आहे तोवर सगळ्यांसमोर तेच वाचन पुन्हा घेऊ, आणि खांबाने विचारलं की मी म्हणेन, उचल.

तुझाच,
घाबरट बाबा
(त्या पानावर सही करणारा, लेव्हल घेणारा कर्मचारी, निवृत्त)